खिडकीपाशी ठेवलेलं भाषण

प्रिय बडबडे,

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे ठणठणीत आहेत. माझं अक्षर तू आजवर लाकडावर पेन्सिलीने लिहिलेल्या मापांतच पाहिलंयस, तेव्हा जरा सांभाळून घे. माळा आवरताना तुझी शाळेतली अलंकारांची वही सापडली, असं लिहिणार होतो, पण खोटं कशाला बोलू? मुद्दाम शोधून काढली. त्यासाठी दोन ट्रंका उतरवल्या आणि तुझ्या आईची बोलणी खाल्ली.

आठवडाभर वही वाचतोय. नवा चष्मा लागलेल्या माणसासारखं झालंय माझं. (ही उपमा. माझी मीच ओळखली.) परवा आई म्हणाली, पंखा दुरुस्त करा असं हजारदा सांगितलं. मी म्हटलं, ही अतिशयोक्ती झाली. तिने माझ्याकडे असं काही पाहिलं की मी निमूटपणे स्टूल आणून पंख्याला हात घातला. चाळीस वर्षं मी गिऱ्हाइकांना सांगत आलो की दार हट्टाला पेटलंय, फळी रुसलीय. त्याला चेतनगुणोक्ती म्हणतात म्हणे. इतकं भारदस्त नाव आधी कळलं असतं तर दुकानात जरा ताठ बसलो असतो. शेजारचा शिंपी तीन महिने मला 'उद्या नक्की' म्हणतोय, तो कोणता अलंकार, ते काही वहीत मिळालं नाही. आणखी एक गोष्टही मिळाली नाही, आणि खरं तर मी तीच शोधत होतो.

ज्यांच्या हाताखाली मी खुर्च्या करायला शिकलो, ते आमचे थोरले मिस्त्री तुला आठवणार नाहीत. खुर्ची तयार झाली की ते ती उलटी करायचे आणि सांध्यांवरून अंगठा फिरवायचे. खोट सापडली की अर्धा तास तोंडाचा पट्टा चालू. सापडली नाही, तर एक शब्द नाही. खुर्ची उचलून खिडकीपाशी उजेडात ठेवायची आणि आपल्या कामाला लागायचं. अकरा वर्षांत माझ्या चार खुर्च्या खिडकीपाशी गेल्या. पहिली गेली त्या दिवशी मी घरापर्यंत शीळ घालत आलो होतो. आमच्यात कौतुक असंच व्हायचं, ते तोंडाने सांगायचं असतं हे कुणी शिकवलंच नाही.

तू सोळा वर्षांची होतीस. स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी दुकानात येऊन, भुशात उभी राहून तू मला भाषण वाचून दाखवलंस. मी रंधा बाजूला ठेवून ऐकलं. कुठे खडबडीत लागतंय का, ते कानाने चाचपत होतो. कुठेच लागलं नाही. संपल्यावर तुझ्या हातातला कागद घेतला, खिडकीत ठेवला, उडू नये म्हणून त्यावर धार लावायचा दगड ठेवला आणि रंधा उचलला. मान वर केली तेव्हा तू गेली होतीस. दुसऱ्या दिवशी तुझा घसा बसला आणि स्पर्धा हुकली. मी तुला काढा करून दिला होता, आठवतं?

घसा बसला नव्हता, हे मला गेल्या रविवारी कळलं. अठरा वर्षं तुझी आई ते पोटात ठेवून होती. तेव्हापासून तू जे काही लिहितेस ते तिला फोनवर वाचून दाखवतेस, आणि फोन माझ्याकडे आला की माझ्या गुडघ्याची चौकशी करतेस. मला वाटायचं, लेक मोठी झाली, माझ्यासारख्या सुताराला काय वाचून दाखवणार. जरा वाईट वाटायचं. आता जास्त वाटतंय.

येत्या शनिवारी वाचनालयाच्या सभागृहात तुझं अलंकारांवर व्याख्यान आहे. बोलावणं एकट्या आईला आलंय. बाबांना आणू नकोस, ते मधूनच उठून कामाला लागतात, असं तू म्हणालीस. तिने रविवारी मला हे सांगितलं, आणि मग बाकीचंही सांगितलं. म्हणून ही वही आणि म्हणून हे पत्र. गप्प राहण्याचा अलंकार मी सगळ्या वहीत शोधला. तो नाही, तेव्हा साध्या शब्दांत लिहितो. ते भाषण मला फार आवडलं होतं. त्यात एकही खोट नव्हती. कागद अजून माझ्याकडे आहे, दगडाचा डाग पडलाय, पण अक्षर लागतं. शनिवारी मी आलो तर शेवटपर्यंत बसेन आणि आवडलं तर तोंडाने सांगेन. येऊ का? याचं उत्तर मात्र आमच्या मिस्त्रींसारखं देऊ नकोस. हो किंवा नाही, शब्दांत कळव.

कानाने चाचपणारा, तुझाच
बाबा