जनीच्या निबंधातले माझे विनोद

जनी,

तुझा डोळा लागलाय, म्हणून उठवलं नाही. बोंबील तळून झाकलेत, करपलेले माझे.

मेंदू ताजा राहावा म्हणून तू या वयात रोडपालीच्या ज्येष्ठांच्या वर्गात लिहायला लागलीस. निबंध मला फक्त शुद्धलेखनासाठी दिलास, आणि मी त्यात दोन विनोद घुसडले. वर्ग खदखदून हसला. तू घरी येऊन म्हणालीस, "हसले ते तुमच्या जोकला. माजं कोनी ऐकलंच नाय." तेव्हापासून तू वर्गाला जाणं बंद केलंस.

विनोदांना जागा हवी म्हणून तुझे बाबा रिकामी जाळी घेऊन परतले, तो भाग मी कापला. तोच सर्वांत चांगला होता, हे तेव्हाही कळत होतं.

वर्गाच्या बाईंना खरं सांगायला पुढे जातोय. तुझं मूळ पान उशाशी ठेवलंय. पाचला वर्गात ये, तूच वाच. मी बाहेर चपलांपाशी बसेन.

काशिराम