आठाचे पाच

मंगळवार, ३ मार्च

झालं! नेमका हाच गेम माझ्या वाट्याला यायचा होता. घड्याळदुरुस्तीचा. पडद्यावर भिंग, चिमटा, बारीक बारीक चाकं. बंद पडलेलं घड्याळ उघडायचं आणि चालू करायचं, बस्स. दोन बहिणींनी घरी बसून बनवलाय.

मी परीक्षणासाठी खेळत होते, तर बाबा मागे येऊन उभे. चाळीस वर्षं घड्याळांचं दुकान चालवलं. अर्धांगवायूचा झटका आल्यापासून उजवा हात थरथरतो, दोन वर्षं चिमट्याला शिवले नाहीत. "बघू," म्हणाले आणि कंट्रोलर घेतला. चहा गार झाला. माझे ऑफिसचे दोन फोन येऊन गेले. पहिलं घड्याळ चालू झालं तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं काही बघितलं — मला रडूच आलं.

म्हणजे हा गेम मला आवडलाय. आता आली का पंचाईत!

गुरुवार, ५ मार्च

आमच्या साइटच्या संपादकांचं ठरलेलं वाक्य — आवड घरी ठेवून यायची. बरोबरच आहे म्हणा. गेल्या वर्षी एका गेमला नऊ गुण दिले, तर वाचकांनी विचारलं, तुमच्या मावशीने बनवलाय का? महिनाभर ऑफिसात माझं नाव 'भाची'. दुधाने तोंड पोळलंय, आता ताकही फुंकून प्यायचं.

शुक्रवार, ६ मार्च

गुणांचा तक्ता भरला. चित्रं, आवाज, खेळण्यातली मजा, सगळं धरून दहापैकी आठ. पुन्हा भरला. आठच. पण त्यातले बाबांमुळे किती? दोन वजा केले. तरी धाकधूक. आणखी एक काढला. पाच.

आता पाच द्यायचे तर दोष दाखवायला नको? शोधला. 'चिमटा फारच हळू चालतो, खेळणाऱ्याचा अंत पाहतो.' मला तो एकदाही हळू वाटला नव्हता. वाक्य मात्र झकास जमलं!

सोमवार, ९ मार्च

परीक्षण साइटवर लागलं. संपादक सगळ्यांसमोर म्हणाले, आता खरी परीक्षक झालीस. अंगावर मूठभर मांस चढलं.

गुरुवार, १२ मार्च

बाबांनी तीन दिवस गेमला हात लावलेला नाही. शेजारच्या काकांनी माझं परीक्षण त्यांना वाचून दाखवलं म्हणे. आज खोदून विचारलं तर म्हणाले, तुला एवढा कंटाळवाणा वाटला, मला आपलं उगाच वाटलं चांगला आहे.

मग सगळं सांगितलं. आवडला होता, पण तुमच्यामुळे आवडला असेल म्हणून गुण कापले. आमच्या धंद्यात असं करावं लागतं वगैरे.

बाबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "घड्याळ पुढे पळत असेल असा नुसता संशय आला, म्हणून कुणी ते तीन तास मागे लावतं का? आधी दुसऱ्या घड्याळाशी ताडून बघतात."

ते नीट जेवले. मी परीक्षण उघडून पुन्हा वाचत बसले.

शुक्रवार, १३ मार्च

संपादकांना गाठलं. ते म्हणाले, दुरुस्ती माहितीची करतात, मताची नाही. मी म्हटलं, माझं मत आठच होतं, पाच हीच चुकीची माहिती.

"म्हणजे तू खोटं लिहिलंस असं छापू?"

"हो, छापा."

म्हणून टाकलं एकदाचं! सोमवारी दुरुस्ती लावतो म्हणालेत. यापुढे परीक्षणं बहुतेक दुसऱ्याकडे जातील. जाऊ देत. घरी येऊन बाबांना सांगितलं, तर त्यांनी आपणहून कंट्रोलर मागितला. दोन घड्याळं चालू केली. किती दिवसांनी हलकं हलकं वाटतंय.

रविवार, १५ मार्च

सकाळी गेमचं अपडेट आलं. सोबत त्या बहिणींची चिठ्ठी — 'तुमची टीका अगदी पटली. आठवडाभर दुसरं काही केलं नाही. चिमट्याचा वेग दुप्पट केलाय. मनापासून आभार.'

बाबांचा थरथरता हात आता त्या वेगाला पुरत नाही. चारदा करून पाहिलं. मग कंट्रोलर माझ्याकडे देत म्हणाले, "तू खेळ."