दुसरी टिक

सोमवार, ३ तारीख
संकल्प. आजपासून फोन कमी. डोळ्यांवर परिणाम होतो. चष्म्याच्या दुकानात कामाला असणाऱ्याने तरी हे समजून घ्यायला हवं. फोन ताईच्या हातात दिला. म्हटलं, मला ज्या ज्या गोष्टींचा नाद लागलाय त्या दडवून टाक. काय दडवलं, कुठे दडवलं, हे ती बराच वेळ समजावत होती. मी तेवढ्यात तिच्या फोनवर मांजराचे व्हिडिओ बघत होतो. हो हो म्हणालो. फार मोकळं वाटतंय.

मंगळवार
काय शांतता! मित्रांच्या ग्रुपवर एकही मेसेज नाही. एरवी कुणी शिंकलं तरी तिथे कळतं. मी दिवसभर फक्त खात्री करत होतो. खात्री करणं म्हणजे फोन बघणं नव्हे.

बुधवार
ग्रुपच सापडत नाही! मला काढून टाकलं. यामागे लंबू असणार. शाळेत एका बाकावर बसायचो आम्ही. असेच लोक केसाने गळा कापतात.
दुकानात एका आजोबांना उजवीकडची काच डावीकडे बसवली. मालकांनी विचारलं, लक्ष कुठे आहे? म्हटलं, मैत्रीत. ते म्हणाले, काचेत ठेव.

गुरुवार
खोटं अकाउंट काढलं. फोटो गुलाबाचा, नाव 'निर्मळ मन'. लंबूला रिक्वेस्ट पाठवली. त्याने घेतली नाही. माणसावर इतका अविश्वास बरा नव्हे.

शुक्रवार
लंबूचा फोन. उचलला नाही. गरज असेल तर परत करेल. परत केला. दोनदा तर कुणीही करतं, तिसऱ्यांदा केला तर खरा मित्र. तिसऱ्यांदाही केला! इतका आटापिटा म्हणजे मनात नक्की काळंबेरं. ब्लॉक केला.
आई म्हणाली, ताट कधीचं वाढलंय. तिला म्हटलं, तत्त्वाचा प्रश्न आहे. तिने ताट झाकून ठेवलं.

शनिवार
एकाच्या स्टेटसवर हॉटेलातला फोटो. सगळे होते. मधोमध लंबू, आणि त्याच्या शेजारची खुर्ची रिकामी. माझ्या नाकावर टिच्चून ठेवलेली. मला काही वाटलं नाही. फोटो मोठा करकरून बघितला. मग बाथरूमचा नळ सोडून रडलो.

रविवार
घरीच. काही घडलं नाही.

सोमवार, १० तारीख
दुकान उघडतोय तोच लंबूची आई दारात. चष्म्याची दांडी वाकलेली. कशी वाकली विचारलं, तर म्हणाल्या, काल निघताना लेकाने मिठी मारली, एवढा उंच, छातीत चष्मा चेपला. मी म्हटलं, निघताना म्हणजे? काकू माझ्याकडे बघतच राहिल्या. परदेशात नोकरी लागली, आता दोन वर्षं येणार नाही. सारखा रस्त्याकडे बघत होता रे, म्हणाल्या, तू का नाही आलास? मी मान खाली घालून दांडी सरळ करत बसलो. सरळ व्हायला वेळ लागला.
घरी येऊन ताईवर ओरडलो. ती शांतपणे म्हणाली, ग्रुप आर्काइव्हमध्ये टाकलाय असं त्याच दिवशी सांगितलं होतं, तू हो हो म्हणालास. एका बोटाने उघडून दाखवला.
सगळं तिथेच होतं. मंगळवारी बातमी, परदेशी नोकरीचा व्हिसा आला, रविवारी निघतोय. शुक्रवारी लंबूने लिहिलेलं की हा फोन उचलत नाहीये, कामात असेल, उद्या त्याची खुर्ची धरून ठेवा, तो येणारच. आणि काल शेवटचं: गाडीवाला घाई करतोय, पण अजून दहा मिनिटं थांबतो, मला खात्री आहे.
अनब्लॉक केला. खूप लिहिलं, खूप पुसलं. शेवटी नुसतं 'पोचलास का?' पाठवलं. एकच टिक आली. काकू म्हणाल्याच होत्या, तिकडचा नंबर अजून घेतलेला नाही.
उद्यापासून फोन कायमचा बंद. दुसरी टिक आली की लगेच.