ओंडका कुशीवर वळला, त्याची हकीकत

पूज्य ओतिलिया आत्या,

लांबूनच तुमचा उजवा हात माझ्या कपाळाला लावून घेतो आणि आशीर्वाद मागतो. शक्य असेल तर जोडीने दोन पाठवा, कारण एक वाटेतच खर्ची पडेल अशी इथली परिस्थिती आहे. तुमचे गुडघे कसे आहेत? तुमच्या डोंगरावरच्या तुन्हात यंदा थंडी कडाक्याची आहे असं ऐकतो. नशीबवान आहात. थंडी बोचते हे खरं, पण ती कधी पाण्यातून डोकं वर काढून माणसाकडे बघत नाही. तुम्ही पाठवलेले चीजचे पाव पोचले, थोडे कडक झाले होते, पण तुमच्या भाचेसुनेने, नूरिसने, कॉफीत बुडवून संपवले. (मला दोन मिळाले.) नूरिसची तब्येत उत्तम आहे. तिला कसली धाड भरणार? जी बाई रोज पहाटे एकटी होडी काढून मासे धरायला जाते तिच्या वाट्याला दुखणं येत नाही. ते घरात जो दुसरा माणूस असतो त्याच्या वाट्याला येतं. माझी झोप गेली आहे, भूक अर्ध्यावर आली आहे आणि शेजारच्या गाढवाने नाक शिंकरलं तरी मी खाटेवर उभा राहतो. हे सगळं कशामुळे, ते सविस्तर लिहितो. बसून वाचा.

पाणघोड्यांचं तुम्हाला ठाऊकच आहे. ज्या पैसेवाल्याने हौसेखातर ते आफ्रिकेतून आणवले तो मरून गेला, त्याची हौस मात्र माग्दालेना नदीला लागली आणि पोरंबाळं वाढवत वाढवत आमच्या तळ्यापर्यंत आली. आधी लोकांना कौतुक वाटलं. मग एकाची होडी उलटली, एकाचं जाळं फाटलं, आणि तालुक्याच्या कचेरीने तळंच बंद केलं. पाणघोडे दहाच्या आत असतील तर मासेमारी चालू, त्याच्यावर असतील तर हंगामभर बंद, असा हुकूम निघाला. आता ते मोजायचे कोणी? कचेरीतल्या लिसेतबाई पेटीतून एक ड्रोन घेऊन आल्या आणि गावात विचारत सुटल्या, कॉम्प्युटर कोणाला येतो? अख्ख्या गावाने एकमताने शाळेकडे बोट दाखवलं. मी फळ्याआड उभा होतो, पण बोटं फळ्यातून आरपार आली.

ड्रोन मी शाळेच्या गच्चीवरून उडवतो. गच्चीला जिना एकच आहे आणि तो पाणघोड्याला चढता येणार नाही इतका अरुंद आहे. (मी टेप लावून पाहिला आहे.) ड्रोन तळ्याचे फोटो काढतो आणि मोजणी माझा प्रोग्रॅम करतो. त्याची रीत साधी आहे. पाण्यात डुंबणारा पाणघोडा वरून पाहिला की सहा उंचवटे दिसतात, दोन कान, दोन डोळे, दोन नाकपुड्या. बाकीचा दीड टन खाली असतो, त्याचा विचार करायचा नाही. एका चांगल्या फोटोतून असं एक डोकं मी कातरून घेतलं, आणि प्रोग्रॅम तो तुकडा मोठ्या फोटोवर ठेवून एकेक कणभर सरकवत नेतो, प्रत्येक जागी विचारतो, इथे किती जुळतं? आणि गुण देतो. डोकी सगळीकडे तोंडं करून असतात म्हणून तुकडा फिरवून फिरवून हेच पुन्हा करतो. शेवटी पास होण्याचे गुण किती, तेवढं फक्त मी ठरवायचं. आत्या, जगातली सगळी भानगड त्या एका आकड्यात आहे. गुण कडक ठेवले, तर ज्याचं डोकं कातरलं तोच एक पाणघोडा पास होतो. सैल सोडले, तर जलपर्णीचे गठ्ठे, वाळत टाकलेल्या घमेल्यांची रांग आणि तिबुर्सिओकाकांचं टक्कल, सगळेच पाणघोडे होतात. शिवाय एकाच डोक्यावर जरा डावीकडे, जरा उजवीकडे असं ते दहादा जुळतं, म्हणून सर्वांत जास्त गुणांचा एक ठेवून आजूबाजूचे पुसावे लागतात. पहिल्याच दिवशी हे पुसायचं मी विसरलो आणि पडद्यावर आकडा आला चारशे बारा. मी दार लावून घेतलं आणि संध्याकाळपर्यंत उघडलं नाही.

आकडा आपल्या हातात असणं किती वाईट, हे मला गावाने शिकवलं. तिबुर्सिओकाका हे कोळ्यांचे पुढारी, सत्तरीचे, आवाज भोंग्यासारखा. ते रोज येऊन माझ्या ओसरीवर बसायला लागले.

"मास्तर, पोरांना नापास करताना तुझा हात कधी थरथरला नाही. मग पाणघोड्यांना कर की नापास!"

मी म्हटलं, काका, नापास केला म्हणून तो तळ्यातून नाव काढून घेत नाही.

"मग काय घरी चुलीवर तुझा कॉम्प्युटर उकडायचा? केळं आणि कसावा खाऊन खाऊन पोरं हिरवी पडली. बोकाचिको माशाचं तोंड पाहून किती दिवस झाले सांग!"

यात खोटं काही नव्हतं. ज्या घरांत सकाळी तळणाचा वास यायचा तिथून नुसता धूर येत होता. आमचंच घर माझ्या पगारावर चाललं होतं, आणि माझ्या पगारावर काय चालतं हे तुम्ही जाणता. म्हणजे तळं उघडावं असं मलाही वाटत होतं, आणि उघडलं की पहिली होडी नूरिसची जाणार म्हणून उघडू नये असंही वाटत होतं. दोन्हीकडून माझंच मरण.

शेवटी मध्यम गुण ठेवले आणि प्रोग्रॅमने चौदा दाखवले. लिसेतबाई फोनवर म्हणाल्या, "छान! आता होडीतून जाऊन प्रत्येक जागा डोळ्यांनी पाहून या." आत्या, बाई शहरात राहून बोलत होत्या. होडी नूरिसने वल्हवली, मी तळाशी आडवा पडून लॅपटॉप पोटावर धरला आणि दिशा सांगितल्या. प्रत्येक खुणेपासून लांब थांबून ती दुर्बिणीतून बघायची आणि मी डोळे मिटून विचारायचो, आहे? "आहे," ती म्हणायची, "कान हलवतोय. तुला बघायचाय?" मी तिच्या शब्दावर विश्वास ठेवला. दोन खुणा खडक निघाल्या, एक जलपर्णी निघाली. मध्येच होडीखालून बुडबुड्यांची एक माळ सरकत गेली. नूरिसने वल्हं वर उचललं आणि ती माळ पलीकडे जाईपर्यंत खाली केलं नाही. मला ठाऊक असलेल्या सगळ्या संतांना मी हाका मारल्या, शेवटी नावं संपली तेव्हा शाळेचा हजेरीपट म्हणायला लागलो.

राहिले अकरा. त्यातली अकरावी खूण आमच्या धक्क्यापासून दगड टाकण्याच्या अंतरावर होती. तिथे गेलोच नाही, कारण तिथे काय आहे हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. तो जुना ओंडका. पाण्यात रुतलेला, वर थोडा उघडा, गाठीगाठींचा. सगळ्या होड्या त्याला वळसा घालून जातात. तिबुर्सिओकाका छातीवर हात मारून म्हणाले, "माझ्या बापाचं जाळं त्या ओंडक्यात अडकायचं. तो पाणघोडा असेल तर माझा बापही पाणघोडा!" लोक हसले, मीही हसलो. प्रोग्रॅमने ओंडक्याला वर्गात तिसरा नंबर दिला होता, पण प्रोग्रॅमने काकांच्या टकलालाही दिला होता, तेव्हा कोणाचं ऐकायचं? मी ती खूण पुसली. दहा कळवले. दहा म्हणजे दहाच्या आत, असं कचेरीने मोठ्या मनाने मानलं आणि तळं उघडलं.

उघडण्याच्या दिवशी पाद्रीबाबांनी होड्यांवर पवित्र पाणी शिंपडलं, ताशे वाजले, बायकांनी घागऱ्यांना नव्या झालरी लावल्या. मला शाळा होती. (शाळेबद्दल इतकी ओढ मला कधी वाटली नव्हती.) पोरांना गणितं घालून दिली आणि सवयीने त्या सकाळचे फोटो उघडले. एकच जनावर दोनदा मोजलं जात नाही ना, हे बघायला मी जुने फोटो नव्यावर ठेवून पाहतो. पाणघोडे जागचे हलतात, म्हणून त्यांच्या खुणा इकडच्या तिकडे होतात, हे बरोबरच आहे. घाट, धक्का, खडक, चर्चचा कळस जिथल्या तिथे बसतात. त्या दिवशीही बसले. फक्त ओंडका बसला नाही.

आधी वाटलं, माझाच फोटो सरकला असेल. पुन्हा जुळवला. खडकावर खडक चपखल. ओंडका मात्र धक्क्याच्या बाजूला सरकला होता. आणि आत्या, गेल्या आठवड्यात त्याचं जाड टोक समोरच्या काठाकडे होतं, ते आता गावाकडे होतं. लाकूड वाहत जाईल, बुडेल, कुजेल. पण ते गावाकडे तोंड करून बसणार नाही. खरा ओंडका मागच्या पुरातच वाहून गेला असावा आणि रिकामी झालेली जागा कोणालातरी आवडली असावी. वर्षभर सगळं गाव त्याला वळसा घालून जात होतं आणि तोही बिचारा आपल्याला मान मिळतोय असं समजत असेल.

पुढे पाय कसे चालले ते ठाऊक नाही, पण मी लॅपटॉप उराशी धरून धक्क्याकडे धावत होतो. बाकीच्या होड्या लांब गेल्या होत्या. नूरिसची मागे राहिली होती, कारण ती पाद्रीबाबांना कॉफी देत बसली होती. आता ती एकटी निघाली होती आणि रोजच्या सवयीने ओंडक्याला वळसा घालत होती. मी ओरडलो. तिने हसून हात हलवला. तिला वाटलं, निरोप द्यायला आलोय! तेवढ्यात ओंडक्याने दोन कान हलवले.

मग तो वर आला. ते तोंड मी फोटोत नेहमी नखाएवढं पाहिलं होतं. उघडलेलं कधीच पाहिलं नव्हतं, कारण वरून फोटो काढणाऱ्याला ते दिसत नाही, आणि आता मला ते दिसत होतं, नूरिसच्या होडीच्या पलीकडे, होडीहून उंच. होडीची एक बाजू काडकन फुटली. नूरिस वल्ह्याने त्याला हाणत होती आणि शिव्या देत होती. (कोणत्या ते तुम्हाला लिहिता येत नाही.) नेमका त्याच वेळी माझा पाय शेवाळावरून घसरला आणि मी लॅपटॉपसकट पाण्यात पडलो. मला पोहता येत नाही, त्यामुळे मी बराच आवाज करत पडलो असणार. त्याने मान वळवली. माझ्याकडे पाहिलं. आत्या, त्याचे डोळे लहान असतात आणि त्यात राग वगैरे काही नसतो, हेच सर्वांत भयंकर. मी बुडत होतो आणि एकच विचार मनात होता, अकरा होते, अकरा होते. मग कोणीतरी माझी कॉलर धरली आणि मी धक्क्यावर मेलेल्या माशासारखा आपटला गेलो. तो पुन्हा पाण्याखाली गेला होता आणि नूरिस फुटक्या होडीतून वल्हवत आली होती. ती माझ्यावर बसून पाणी काढत होती आणि थोबाडीतही देत होती, दोन्ही एकदम.

मी अकरा कळवले. ओसरीवर भांडायला कोणी आलं नाही. तिबुर्सिओकाका माझ्याबरोबर कचेरीत आले, टोपी काढून लिसेतबाईंना म्हणाले, "बाई, मास्तरचा आकडा खरा आहे. माझा बाप खोटा." बाईंनी बराच विचार करून मार्ग काढला: तळ्याचा पलीकडचा भाग मासेमारीला खुला, अलीकडचा पाणघोड्यांना, आणि रोज सकाळी ड्रोनचे फोटो पाहिल्याशिवाय एकही होडी पाण्यात जाणार नाही. मासे पुन्हा मिळतात. काल आमच्याकडे रस्सा होता. घास गिळताना मात्र मी खिडकीतून तळ्याकडे पाहत होतो, आणि तळंही माझ्याकडे पाहत होतं.

तुमची तब्येत जपा. गुडघ्यांना मेंढीची चरबी चोळा आणि माझी आठवण ठेवा. मी जिथे आहे तिथे बरा आहे, काळजी नसावी.

तुमचाच, पायांची धूळ,
एवेलिओ

ता. क. काळजी असावी. नवा धक्का पलीकडे आहे, शाळेच्या गच्चीवरून तिथपर्यंत ड्रोन पोचत नाही, म्हणून आता तो रोज पाण्याच्या काठावर उभं राहून उडवावा लागतो, आणि उडवणारा मी. तेव्हा पत्र मिळताच उलट टपाली एक चिठ्ठी धाडा, की तुमची प्रकृती गंभीर आहे आणि भाच्याने ताबडतोब निघून यावं. अक्षर मोठं आणि थरथरतं काढा. तिथल्या एखाद्या शाळेत मास्तराची जागा असेल तर तीही बघून ठेवा. नूरिसला नंतर बोलावून घेऊ. तुन्हात तळं नाही ना, एकदा खात्री करा.

ता. क. २. आत्याबाई, मी नूरिस. पत्र टपालात टाकायला माझ्याकडे दिलंय या शहाण्याने, आणि पाकीट चिकटवायचं विसरलाय. चिठ्ठी बिठ्ठी काही पाठवू नका, याच्याशिवाय इथे एकही होडी हलत नाही. आणि तो घसरला वगैरे काही नाही. त्या धक्क्यावर शेवाळ नाहीच, मीच रोज घासते. मी होडीतून बघत होते. याने लॅपटॉप डोक्यावर धरला, डोळे घट्ट मिटले आणि "इकडे ये, ढेरपोट्या!" असं ओरडत सरळ उडी मारली. मारायच्या आधी चपला काढून नीट बाजूला ठेवल्या. पोहता येत नाही मेल्याला. चीजचे पाव पाठवलेत तर बरं, त्याला आवडतात आणि मी खाऊन टाकते, यंदा देईन.

ता. क. ३. आत्या, पाकीट तिच्या हातून परत घेतलं आहे. वरचं सगळं खोटं आहे. मी घसरलो. गावात कोणाला कळता कामा नये, नाहीतर पुढच्या वेळी मलाच पाठवतील. चपला सैल होत्या, आपोआप निघाल्या.