लाल पेन्सिलीची खूण

शनिवार, ३ फेब्रुवारी २००७

मधल्या खोलीत आजपासून चार राऊटर बसले. मैत्रेयीने ते उल्हासनगर कॅम्प १ मधून जुने म्हणून आणले. रिक्षातून उतरवताना मला हात लावू दिला नाही. त्यांच्या पंख्यांचा आवाज एवढा, की शेजारच्या ठमाबाई दारात येऊन म्हणाल्या, "आण्णा, गिरणी टाकली का? मग माझं बाजरीचं दळण आणते." मी हसलो नाही.

२६ तारखेस बंगळूर येथे तिची परीक्षा आहे. आठ तास यंत्रांसमोर बसून संगणकांचे जाळे जोडावयाचे. मागील वर्षी अनुत्तीर्ण झाली. या खेपेस तसे झाल्यास पुन्हा बसणार नाही, असे म्हणते. कचेरीतून महिन्याची रजा घेतली आहे. जेवताना बोलत नाही. तिची आई रखमा गेल्यापासून या घरात आम्ही बाप-लेक दोघेच.

रविवार, ४ फेब्रुवारी

मला समज देण्यात आली. "आण्णा, दिवा हिरवा दिसला की समजायचं, तो कामात आहे. तेव्हा बटणाला हात नाही लावायचा." मी सांगितले, कारखान्यात एकतीस वर्षे टपालशिपाई होतो, कामात असलेल्यास कधी व्यत्यय आणला नाही.

संध्याकाळी शिवमंदिरापर्यंत फिरावयास निघताना प्रत्येक खोलीतील बटणे बंद करणे हा माझा नेम. मधली खोली तेवढी वगळीन.

सोमवार, १२ फेब्रुवारी

तीन दिवस एकाच अडचणीशी झुंजते आहे. डोळे सुजले आहेत. शेवटी मीच विचारले, नक्की अडले कोठे? "तुम्हाला नाही कळायचं" म्हणाली. मी चौथी उत्तीर्ण आहे, शुद्धलेखनात वर्गात पहिला होतो, हे तिला ठाऊक आहे. तेथून हललो नाही. मग तिनेच कागदावर चार चौकोन काढले.

दोन मुलूख, दोन निरनिराळ्या पद्धती. मधले दोन राऊटर दोन्ही पद्धती जाणतात आणि इकडचे मार्ग तिकडे कळवितात. "पण घोळ असा, की ह्याने सांगितलेला रस्ता तो फिरून ह्यालाच सांगतो. ह्याला वाटतं, त्याला जवळचा रस्ता माहीत आहे. मग निरोप या दोघांतच फिरत राहतो आणि फिरून फिरून मरतो."

मला कारखाना आठवला. एका कामगाराचा रजेचा अर्ज भांडार आणि हिशेब या दोन विभागांत अकरा दिवस फिरत होता. प्रत्येकास वाटे, निर्णय दुसऱ्याकडे. तेव्हापासून मी कागद उचलताना कोपऱ्यात लाल पेन्सिलीने खूण करीत असे– कोणाकडून निघाला. ती खूण असलेला कागद त्या विभागाकडे पुन्हा नेत नसे.

तिला हे सांगितले. तिने मधल्या दोन चौकोनांच्या कोपऱ्यात खुणा केल्या. "आण्णा, पुस्तकात याला टॅग म्हणतात. चार वेळा वाचलं होतं मी. आत्ता कळलं."

मंगळवार, १३ फेब्रुवारी

निरोप पोहोचला. रात्रीचा भात तिने दोनदा घेतला.

मंगळवार, २० फेब्रुवारी

फोनवर मैत्रिणीशी बोलत होती. मी पेपर वाचत होतो. "पास झाले तर तिकडचीच नोकरी. विचारून ठेवलंय त्यांनी. नाही गं, आण्णांना अजून सांगितलं नाही. ते म्हणतील, जा. आतून काय वाटतं ते कधी दाखवतात का?"

पेपरात विशेष काही नव्हते.

बुधवार, २१ फेब्रुवारी

सकाळपासून तिने परीक्षेप्रमाणे आठ तासांचा पूर्ण सराव केला. दूध आणावयास खाली उतरली. त्याच वेळी मी फिरावयास निघालो आणि नेमाप्रमाणे बटणे बंद केली– मधल्या खोलीचेही.

यंत्रांत काहीच जतन केले नव्हते. सकाळपासूनचे सर्व गेले. लाल खुणेसुद्धा.

ती रडली नाही. पिशवी हातात धरून उभी राहिली. म्हणाली, "चूक माझीच. दर पायरीला सेव्ह करायला हवं होतं. तुमचा नेम मला माहीत नाही का?"

सवयीने झाले, असे मी म्हणालो. फिरावयास गेलो नाही.

शनिवार, २४ फेब्रुवारी

गाडीत बसवून आलो. पाया पडली. आशीर्वाद पुटपुटलो, मला स्वतःलाही नीट ऐकू आला नाही.

मंगळवार, २७ फेब्रुवारी

मैत्रेयीचा फोन. उत्तीर्ण. "आण्णा, मधेच एक राऊटर आपोआप बंद होऊन चालू झाला. माझं सगळं जागच्या जागी होतं. तुम्ही त्या दिवशी बटण बंद केलंत ना, तेव्हापासून दर पायरीला हात आपोआप सेव्ह करतो. तुमच्यामुळे झालं हे."

मी "बरे" म्हणालो. ठमाबाईंना पेढे दिले. "डोळे का भरले आण्णा, आनंदाची गोष्ट आहे," असे म्हणाल्या.

रविवार, १८ मार्च

ती सकाळच्या गाडीने बंगळूरच्या नोकरीवर गेली. राऊटर कालच विकले. मधल्या खोलीत बंद करण्यासारखे काही उरले नाही.

त्या बुधवारी चारही दिवे हिरवे होते. मी ते मोजले आणि मगच बटण दाबले.