अक्षर जवायाचं

वारासिवनी, माघ, १९६४

कमला पोरी,

तुहं पत्र आलं. "मी खुशाल आहे" एवढंच. अक्षर जवायाचं.

आपल्या विमलाबाईनं पोरींचं मंडळ काढलं, तवा लिहा-वाचाले शिकवाले आपली कोंड्याची खोली मांगतली होती. मी हासलो, "पोरींले काय पत्रं लिहाची हायेत?" तू दारामागं उभी होती. तो कोंडा पुढं उंदरांनीच खाल्ला.

दिवाळीले आली तवा तुह्या हातावर डागल्याची खूण होती. मी इचारलं नाही, तू बोलली नाही.

काल खोली झाडून बाईले देल्ली. आठ पोरी आल्या. तुह्यासाठी उशीर झाला.

हे पत्रही तुले जवाईच वाचून दाखवणार. म्हणून टपालाच्या पेटीत टाकत नाही.

तुहा बाप,
महागू