'उटण्याचा जावई', आवाज बंद करून

१७ ऑक्टोबर २०२५, वसुबारस

भिवराबाईंना नाही म्हणालो. योग्य तेच म्हणालो असावे.

सकाळी पोथी वस्त्रात बांधून ठेवत होतो. त्या येऊन ओट्याखाली उभ्या राहिल्या. वर येत नाहीत, कधीच आल्या नाहीत. "गुरुजी, येक इचारायचं हाय. दुखवट्यात टीवी लावावा का न्हाई?"

त्यांचा मुलगा सटवा ज्येष्ठात गेला. सून अंजना तेव्हापासून मुकी झाल्यासारखी आहे. "लई गप गप आसती वो. जेवती बी आर्धीच. येखादा हासायचा सिनेमा लावला तर पाप लागंल का?"

मी सांगितले, वर्षश्राद्ध होईपर्यंत सण नाही, गोडधोड नाही, करमणूकही नाही. गेलेल्याचा मान राखावा. त्या "बरं" म्हणाल्या. जरा थांबल्या. मला वाटले आणखी काही विचारतील. मग गेल्या.

चाळीस वर्षे चकलांब्यात असेच निर्णय देत आलो. सुतक किती दिवसांचे, ग्रहणात पाणी प्यावे की नाही, पितराचा घास कावळ्याने शिवला नाही तर काय करावे. लोक विचारतात, मी सांगतो. आज प्रथमच वाटले, उत्तर फार लवकर दिले.

१८ ऑक्टोबर, धनत्रयोदशी

शेजारच्यांनी फराळाची ताटे ओट्यावर आणून ठेवली. दुखवट्याच्या घरी कढई चढत नाही. आमची आणि भिवराबाईंची एकच भिंत, आणि यंदा दोन्हीकडे चूल मुकीच. चकली उत्तम आहे. एकट्याने खाताना तिचा आवाज फार होतो.

पत्नी, वनमाला, गेल्यानंतरची ही पहिली दिवाळी. ती असती तर आज तिने टीव्हीवरचे वस्त्र काढले असते. टीव्हीला वस्त्र, पोथीलाही वस्त्र. तिच्या लेखी दोन्ही सारखेच सोवळे. आणि मग 'उटण्याचा जावई'. एकवीस दिवाळ्या तोच चित्रपट. मुलाने, आदिनाथने, अलीकडे तो पेनड्राइव्हमध्ये भरून दिला, त्यापूर्वी चकती होती.

कथा एका ओळीची आहे. नवा जावई दिवाळसणाला यायचा असतो, सासऱ्याने त्याला नीट पाहिलेले नसते, आणि गॅसची शेगडी दुरुस्त करायला आलेल्या माणसालाच तो जावई समजून पाटावर बसवतो, उटणे लावतो. माणूस ओरडतो, "अहो, मी शेगडीसाठी आलोय." सासरा म्हणतो, "आधी अंघोळ, मग शेगडी." तेवढ्यात खरा जावई येतो आणि त्याच्या हाती नादुरुस्त शेगडी दिली जाते.

ज्याचा शेवट ठाऊक आहे ते पुन्हा का पाहावे, असे आदिनाथ मला विचारत असे. मी म्हणे, सप्ताहात बसलेल्या कोणत्या म्हातारीला राक्षस मरणार हे ठाऊक नसते? ठाऊक असते म्हणूनच ती निर्धास्त ऐकते. शेवटाची धास्ती गेली की मन रिकामे होते, आणि रिकाम्या मनालाच रस लाभतो. प्रथम पाहताना आपण कथेच्या मागे धावतो. दहाव्यांदा पाहताना कथा आपल्याजवळ येऊन बसते.

हे उत्तर अपुरे होते. पुरते उत्तर आदिनाथला सांगण्यासारखे नव्हते.

१९ ऑक्टोबर

आदिनाथचा पुण्याहून फोन. "बाबा, इकडेच या." म्हणालो, वर्षाचा दिवा तिच्या फोटोपुढे येथेच तेवला पाहिजे. खरे कारण विचारले असते तरी मला सांगता आले नसते.

२० ऑक्टोबर, नरक चतुर्दशी

पाहिला. हे येथेच लिहितो. दुसरीकडे कोठे सांगणार?

पहाटे साध्या पाण्याने स्नान, उटण्याविना. पारायणाचा एक अध्याय. मग दुपारी दार लावले, खिडकी लावली, टीव्ही लावला आणि आवाज पूर्ण बंद केला. भिंतीपलीकडच्या बाईला मीच नाही म्हटले आहे. तिच्या कानी माझा चित्रपट जाता कामा नये.

आवाजाची मला गरज नव्हती. वनमालाचे कान आदिनाथच्या जन्मानंतरच्या तापात जवळजवळ गेले. तेव्हापासून पोथी वाचणारा मी आणि तिला अर्थ सांगणाराही मीच, अगदी तिच्या कानाशी. चित्रपटाचेही तसेच. प्रत्येक वाक्य पडद्यावर झाले की मी तिला सांगायचो. सासऱ्याच्या आवाजात सासरा, सासूच्या आवाजात सासू. आवाज बंद असला तरी आज ओठ हलले की वाक्य माझ्या तोंडात आपोआप येत होते. पुटपुटत सगळा चित्रपट म्हटला.

आणि एक गोष्ट ध्यानी आली. टॉवेलचा प्रसंग. शेगडीवाला अंगभर उटणे, कमरेला टॉवेल अशा अवस्थेत अंगणात पळतो आणि टॉवेल दाराच्या कडीत अडकतो. सासरा म्हणतो, "लाजता काय, आता तुम्ही घरचेच!" तो म्हणतो, "मी घरचा झालो असेन हो, पण टॉवेल शेजाऱ्यांचा आहे!" हे वाक्य मी वनमालाला कधी सांगितलेच नाही. निरूपण करणाऱ्याच्या तोंडी शोभत नाही म्हणून मी सांगे, "पाहुणे संकोचले." एकवीस वर्षे पाहुणे संकोचले! आणि ती पदर तोंडाशी धरून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसे. मी समजे, माझ्या सांगण्यावर हसते आहे. तिला डोळे नव्हते का?

आज ते वाक्य जसेच्या तसे म्हटले. तिच्या जागेकडे तोंड करून.

मी चित्रपट पाहत नव्हतोच. डावीकडे पाहत होतो. आदिनाथला सांगण्यासारखे नव्हते ते हे.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

लाजेने जीव अर्धा झाला.

समोरचा उत्तरेश्वर दूध घालायला आला. माप ओतताना म्हणाला, "गुरुजी, काल पाव्हणे आलते का?"

"नाही."

"आवाज येत व्हता बरं का. येक म्हातारा लई तापला व्हता. येक बाई आरडत व्हती. आन् कुनीतरी टावेलावरून भांडत व्हतं."

मी दुधाकडे पाहिले. त्यानेही दुधाकडे पाहिले.

"ज्याचा टावेल त्याला द्या गुरुजी, मिटवून टाका," असे म्हणाला आणि गंभीर चेहऱ्याने गेला. गल्लीच्या वळणावर मात्र त्याचे खांदे हलताना दिसले.

बहिऱ्या बायकोशी तीस वर्षे बोललेल्या माणसाला पुटपुटता येत नाही. मला ठाऊकच नव्हते. तिला तो आवाज मोठा वाटत नसे, आदिनाथ त्यातच वाढला, ज्यांना ऐकू जात होते ते बाहेर होते. म्हणजे भिंतीपलीकडेही गेले. जिला हसणे निषिद्ध ठरवले, तिच्या कानात मीच दोन तास सासू, सासरा, शेगडीवाला ओतला.

दुपारपासून ग्रंथ काढून बसलो. दुखवट्याचे नियम पुन्हा पाहिले. उत्सव करू नये, मंगलकार्य करू नये, असे आहे. हसू नये असे कोठेही नाही. पाने उलटून उलटून बोटे दुखली. ते माझे पदरचे होते. कोणत्या तरी वर्षी कोणाला तरी ठसक्यात सांगितले असेल, मग तेच शास्त्र झाले.

आणि हेही लिहिले पाहिजे. भिवराबाईंना नाही म्हणताना मला शास्त्र आठवले नव्हते. मला वनमाला आठवली होती. माझ्या घरी हसू नाही तर भिंतीपलीकडे का असावे, असे काहीतरी मनात होते. इतके क्षुद्र.

ती पोर अर्धे जेवते आहे.

२२ ऑक्टोबर, पाडवा

ओवाळणारे कोणी नाही. गल्लीत ट्रॅक्टर उभे आहेत. दोन दिवसांत निम्मी घरे ऊसतोडीला निघतील, कुलपे लागतील. भिवराबाईंकडे जायला दोनदा उठलो, दोनदा बसलो. चुकलो असे म्हणण्याची सवय नाही. तोंडात शब्दच बसत नाहीत.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

गेलो. मीच त्यांच्या उंबऱ्याशी उभा राहिलो. चाळीस वर्षांत प्रथम. अंजना अंगणात वेचलेल्या कापसातला पाला काढत होती. तिने पाट आणून टाकला.

म्हणालो, "भिवराबाई, मी चूक सांगितले. शास्त्रात तसे नाही. मी पाहिले. तुम्ही खुशाल टीव्ही लावा. अंजनाला हसू द्या. दोष लागला तर मला लागेल."

दोघी एकमेकींकडे पाहू लागल्या. अंजनाने मान खाली घातली.

भिवराबाई म्हणाल्या, "गुरुजी, आमच्या घरी टीवी हाय कुठं?"

मी आत पाहिले. एक खोली. धान्याच्या कोठ्या, देव्हारा, सटवाचा फोटो.

"मग विचारलेत का?"

"वैनी गेल्यापून परवापातुर तुमच्या घरातून हूं का चूं न्हवतं. दिवाळीत त्यो सिनेमा लागायचा, आन् तुमी वैनीला वरडून वरडून सांगायचे. आमी भितीला पाठ लावून आईकायचो समदं, सटवा बी. यंदा तुमी लावायचे न्हाईत, हे आमाला ठाव व्हतं. म्हनलं, सुनेचं नाव फुडं करावं. आमाला व्हय म्हनलात, तर तुमाला बी लावता यील."

आणि मी नाही म्हणालो होतो.